दोन बोटं कमी

दस्तगीर मुजावर गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसला आणि टायरच्या कडेवरचा चिखल त्यानं अंगठ्यानं पुसून काढला. खालून आकडे निघाले. "एकशे पंचेचाळीस, सत्तर, बारा," त्यानं वाचलं आणि मान वर करून मला विचारलं, "ह्यात वंगाळ काय हाय, बाई? अजून एक पावसाळा काढत्यात की हे."

मी म्हटलं, टायर वाईट नाहीत, बुटके आहेत. मला उंच टायर पाहिजेत.

त्यानं मला नीट न्याहाळलं. उंच टायर मागायला त्याच्याकडे कॉलेजची पोरं येत असत. खांद्याला पर्स आणि हातात कारवीची काठी घेतलेली बेचाळीस वर्षांची प्राथमिक शिक्षिका त्यानं बहुधा पहिल्यांदाच बघितली. काठी मारायला आणली नव्हती, मोजून तोडली होती. ही काठी उभी धरून गाडीच्या पोटाखालून आरपार गेली पाहिजे, एवढंच माझं मागणं आहे, असं मी त्याला सांगितलं. त्यानं लगेच आडवं होऊन करून पाहिलं. काठी पोटाला अडकली.

"इंचभर कमी पडतंय," तो म्हणाला. "कशापायी पाहिजे एवढं?"

मग मी त्याच्या दुकानातल्या एका जुन्या टायरवर बैठक मारली आणि सगळं सांगितलं.

हे सगळं, त्या दुकानासकट, अठरा वर्षांपूर्वीचं. मी तेव्हा मलकापूरपासून अकरा किलोमीटरवरच्या मोरसवाडीच्या शाळेत होते. शाळा चौथीपर्यंतची. शिक्षक दोन, त्यातले एक बदली होऊन गेलेले, म्हणजे बाई मीच, गुरुजी मीच आणि घंटा वाजवणारीही मीच. पट चौदा. त्यातली आठ मुलं वाडीतली आणि सहा वरच्या धनगरवाड्यावरची. धनगरवाडा शाळेपासून चार किलोमीटर वर, जंगलातून. ती सहा मुलं रोज चालत यायची आणि चालत जायची. शाळेला उशीर व्हायचा तो माझ्या गाडीला, त्यांना कधी नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र ती आलीच नाहीत. वाटेत गव्यांचा कळप उतरला होता. त्यातला एक मुलांच्या मागे लागला. मुलं झाडावर चढून बसली म्हणून वाचली. त्या दिवसापासून आईबापांनी त्यांची शाळा बंद केली, आणि त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नव्हती. सकाळी म्हशी घेऊन रानात जाणारी माणसं ती, मुलांना पोचवणार कधी आणि आणणार कधी?

आमचे केंद्रप्रमुख साहेब मनाने भले होते, पण त्यांचे हात बांधलेले होते. दहाच्या आतल्या शाळांची यादी वर चालली आहे, असं ते येऊन सांगून गेले. एक डिसेंबरपासून पुढचे पंधरा दिवस ती सहा मुलं वर्गात दिसली, तर मोरसवाडी यादीत जाणार नाही. नाही दिसली तर शाळेला कुलूप, आणि उरलेल्या आठांनी सात किलोमीटर खालच्या गावात जायचं. त्या आठांपैकी खरोखर किती जातील हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. वरची सहा तर कायमचीच घरी बसली असती.

म्हणून मी ठरवलं, मुलांना आपल्या गाडीतून आणायचं. गाडी आमच्या ह्यांची. ह्यांची बदली गारगोटीला झाल्यावर ती माझ्या गळ्यात पडली होती, जुनी आणि छोटी. धनगरवाड्याला जाणारी बैलगाडीची वाट होती, दोन चाकोऱ्या आणि मध्ये उंचवटा. शाळा सोडून किलोमीटरभर वर गेलं की त्या दोन चाकोऱ्यांच्या मधोमध कातळ वर आलेला होता. फोडायचा म्हटलं तर सुरुंगच लावायला हवा, इतका खोलवर. त्याला गाडीचं पोट टेकलं आणि मी तशीच उलटी मागे आले. काठी त्या कातळाच्या उंचीची होती.

दस्तगीर म्हणजे आमच्या मलकापुरातला बाजारपेठेच्या टोकाचा टायरवाला, पन्नाशी उलटलेला, कमी बोलणारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि टायरचे आकडे म्हणजे काय ते मला समजावलं. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा. दुसरा उंचीचा, पण तो थेट नाही, रुंदीच्या किती टक्के तो. तिसरा आतल्या रिमचा. टक्केवारी म्हटल्यावर मला चेव आला. मी पर्समधून कागद काढला आणि तिथंच गणित मांडलं. आहे त्याच बारा इंची रिमवर सत्तरऐवजी ऐंशीचा टायर घातला तर गाडी साडेचौदा मिलिमीटर उचलते, म्हणजे अर्धा इंच. रिमच तेरा इंची घेतली आणि तिच्यावर ऐंशीचा टायर घातला तर सत्तावीस मिलिमीटर. इंचाच्याही वर. मी कागद त्याच्यापुढे धरला आणि म्हटलं, चाचा, तेरा आणि ऐंशी.

"मीटर खोटं दावील मग," तो म्हणाला. "चाक मोठं झालं की काटा कमी दावतोय."

त्या वाटेवर काटा दहाच्या पुढे जात नाही, मी म्हटलं, कमी दाखवून दाखवून किती कमी दाखवील. तो हसला नाही. तेरा इंची रिमा त्याच्याकडे वापरलेल्या पडून होत्या, त्या त्यानं काढल्या, चारी चाकं बदलली, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं. कुठे घासलं नाही. काठी पोटाखालून सळकन गेली. माझा जीव भांड्यात पडला आणि मी पर्स उघडली, तर तो म्हणाला, थांबा.

"रिकाम्या गाडीला कुठलाबी टायर बसतोय, बाई. माणसं बसली की गाडी खाली बसती. मग मडगार्ड टायरवर येतंय. पोरांची वजनं सांगा."

दोन खेपा करा की, असंही त्यानं सुचवलं होतं. ते मी आधीच करून पाहिलं होतं, कागदावर. वर जायला पाऊण तास, यायला अर्धा. सकाळची पहिली तीन मुलं बंद शाळेच्या पायरीवर एकटी बसणार आणि संध्याकाळची शेवटची तीन अंधार पडताना जंगलातून जाणार, नेमकी गव्यांच्या वेळेला. आईबापांनी हे ऐकूनच घेतलं नसतं. सहा म्हणजे सहा, एकदम. आज मी छोट्या गाडीत सहा मुलं घालणार नाही. तेव्हा घालणार होते.

वजनं माझ्या पिशवीतच होती. महिन्याचा अहवाल द्यायला मी आरोग्य तपासणीचं रजिस्टर घेऊन निघाले होते. मी ते उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचलं. अठरा, एकवीस, एकोणीस, चोवीस, पंचवीस, अठरा. दस्तगीरनं मनात बेरीज केली.

"सव्वाशे," तो म्हणाला. "लई गोल आकडा आला."

"येतो कधी कधी," मी म्हटलं आणि विषय बदलला.

शेजारच्या पेंडीच्या दुकानातून आम्ही दोघांनी मिळून दोन भरलेली पोती आणि एक अर्धं पोतं आणून गाडीत घातलं. बरोबर सव्वाशे किलो. मी चालवायला बसले आणि दस्तगीरनं मला दुकानामागच्या गटारावरून तीनदा नेलं. तो स्वतः मागच्या चाकाशेजारून कान लावून पळत होता. मग काठी घातली, मग टायर आणि पत्रा यांच्यामध्ये बोट घातलं. बोटभर अंतर आहे, बसतोय, असं तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी वर गेले. कातळ आला तेव्हा मी दात आवळून धरले होते. चाकं चाकोरीतून गेली, पोट कातळावरून गेलं, काही म्हणजे काही आवाज झाला नाही. मला इतका आनंद झाला की मी गाडीत एकटीच मोठ्यानं पाढे म्हणत पुढचे तीन किलोमीटर गेले. आनंद झाला की लोक गाणी म्हणतात. मला तेराचा पाढा येतो.

धनगरवाडा अकरा घरांचा. म्हशी रानात सोडून माणसं जेवायला परतली होती. धोंडूमामा झोरे हे तिथले जाणते, त्यांच्या अंगणात सगळे जमले. गाडी वर आलेली पाहून मुलं तिच्याभोवती फिरली, पण मोठी माणसं लांबच थांबली. गंगूबाई येडगे पुढे आल्या. त्यांची थोरली मुलगी जनी चौथीत होती. पोळून निघालेली बाई, बोलणं तोडून टाकल्यासारखं.

"माझ्या डोळ्यादेखत सगळ्यास्नी बशिवा," त्या म्हणाल्या, "आनि त्या वळणापातूर न्हेऊन माघारी आणा. मग बगू."

मी सहाही मुलांना बसवलं. चार मागे, दोन पुढे. जनी पुढे बसली तर तिचे गुडघे समोर टेकले. पंचवीस किलोंच्या आत बसणारी मुलगी एवढी थोराड नसते, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. मी गाडी काढली. शंभर पावलांवर पहिला खळगा लागला आणि मागून खर्रर्र आवाज आला. दुसऱ्या खळग्याला पुन्हा. मग जळक्या रबराचा वास आला. बिरू नावाचं सगळ्यात लहान पोरगं मागून म्हणालं, बाई, काय तरी करपतंय.

मी गाडी थांबवली, उतरले, मागच्या चाकापाशी वाकले. टायरच्या खांद्यावरून पत्र्यानं बोटभर रुंदीची साल काढली होती.

खरं सांगायचं तर तिथं वाकलेली असताना माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की पंधरा दिवसच काढायचे आहेत. इतक्या लांबून आईबापांना आवाज ऐकू गेला नसेल. मुलांना सांगता येईल, नव्या टायरचा वास आहे. खळगे टाळत, हळू हळू, रोज थोडी साल गेली तरी पंधरा दिवस टायर निघेल. साहेब मोजून जातील. शाळा वाचेल. पुढचं पुढे. हे सगळं माझ्या मनात अगदी सवयीनं आलं. कारण असं जमवून घेण्याचा माझा हात बसलेला होता, आणि तो कशावर बसला होता तेही मला त्याच क्षणी कळलं.

शाळेचा वजनकाटा दोन वर्षांपूर्वी मोडला होता. नवा मागवला, आला नाही. मग मी दरवर्षी मागच्या वर्षीच्या आकड्यात दीड-दोन किलो मिळवून रजिस्टर भरत होते. मागच्या वर्षीचे आकडेही तसेच आलेले. त्यावर सही होत होती, शिक्का बसत होता, कुणाचं काही अडत नव्हतं. दस्तगीरनं ज्या पोत्यांवर टायर पारखला, ती पोती माझ्या मनातल्या मुलांची होती. गाडीत बसलेल्या मुलांशी त्यांचा काही संबंध नव्हता. टायर फुटून गाडी त्या उतारावर कुठे गेली असती हे डोळ्यांसमोर आलं.

मी मुलांना खाली उतरवलं. त्यांच्याबरोबर चालत अंगणात परत आले आणि जमलेल्या सगळ्यांसमोर सांगून टाकलं. टायर घासतोय. चूक टायरवाल्याची नाही, माझी आहे. त्याला मी मुलांची वजनं सांगितली ती खोटी होती.

धोंडूमामांनी विचारलं, "खोटी म्हंजी?"

"मनानं लिहिलेली. शाळेतला काटा मोडलाय. मी न तोलताच लिहिते."

"का वो?"

"कुणी विचारत नाही म्हणून."

बोलून गेले आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बारा वर्षं या लोकांनी मला बाई म्हणून मान दिला होता. त्यांच्या घरात दूध असो नसो, मला चहा दुधाचाच मिळत होता. आता हे मला मुलं देणार नाहीत आणि ते बरोबरच आहे, असं वाटून मी गाडीची किल्ली हातात फिरवत उभी राहिले.

गंगूबाई म्हणाल्या, "म्हंजी आमच्या पोरांची वजनं तुमास्नी ठावं न्हाईत."

"नाहीत."

"आमास्नी तरी कुठं हायत," त्या म्हणाल्या आणि घरात वळून कुणाला तरी ताणकाटा आणायला सांगितला.

त्या वाड्यावरची माणसं रानातला हिरडा गोळा करून विकतात. व्यापारी मापात मारतो म्हणून त्यांनी स्वतःचा काटा ठेवला होता, वर कडी आणि खाली आकडा असलेला. तो जांभळाच्या फांदीला अडकवला. घोंगडीची झोळी करून आकड्याला लावली आणि एकेका मुलाला हिरड्यासारखं तोललं. मी रजिस्टर मांडीवर घेऊन खाली बसले, आणि धोंडूमामा काट्याला नाक लावून आकडा सांगत होते. चोवीस. एकोणतीस. बावीस. बिरूनं वजन कमी यावं म्हणून श्वास कोंडून धरला आणि लालबुंद झाला, तरी त्याचं चोवीस भरलं, सगळ्यात लहान असून. पुन्हा तोललं तेव्हा कळलं, त्याच्या चड्डीच्या दोन्ही खिशांत गोफणीचे दगड होते. ते काढल्यावर बावीस.

जनी बसली आणि काटा सदतीसवर गेला. गंगूबाईंनी दोनदा विचारून खात्री केली. सासू म्हणते मी पोरीला जेवायला घालत नाही, तिला बोलवा आणि दाखवा, असं त्या म्हणाल्या, आणि म्हातारीला खरोखरच बोलवून आणलं. मग म्हातारीलाही तोलून घ्यायचं होतं. शेवटचं पोरगं चौतीसचं निघालं, आणि सहाजणांची बेरीज झाली एकशे अडुसष्ट. माझ्या रजिस्टरापेक्षा त्रेचाळीस किलोंनी जास्त. अख्खी एक मुलगी आणि वर थोडं, एवढं मी दर वर्षी कागदावरून पुसून टाकत होते.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी दस्तगीरकडे गेले. त्यानं टायरची साल पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टर पुढे केलं. त्यात जुने आकडे खोडून नवे लिहिले होते. या वेळी त्यानं तीन पोती भरून आणि एक निम्म्याच्याही आत रिकामं करून आणलं, एकशे अडुसष्ट होईपर्यंत. तेरा इंची चाकं घासली. ती त्यानं काढून ठेवली आणि बारा इंची रिमांवर ऐंशीचे टायर घातले. गटारावरून तीनदा नेलं. टायर आणि पत्र्याच्या मध्ये दोन बोटं सहज जात होती, अजून वजन पडलं तरी चाललं असतं. पण काठी पोटाखाली अडकली.

"दोन बोटं कमी," दस्तगीर म्हणाला. "टायरनं द्यायचं ते दिलं, बाई. ह्याच्या फुडं टायर न्हाई देत. ह्याहून मोठा मागितलासा तर मी द्यायचा न्हाई."

मी दुसऱ्या दुकानात जाऊ शकले असते. गेले नाही.

मंगळवारी दुपारी साडेचारला मी गाडी कातळाखाली उभी केली आणि वर चालत निघाले. सांगायला जाणं भाग होतं. माझी मुलं ज्या वाटेनं तीन-चार वर्षं रोज येत होती, त्या वाटेनं एरवी बैलगाडीतून जाणारी मी बारा वर्षांत पहिल्यांदाच पायी जात होते. जंगलात काही मोडल्याचा आवाज आला की मी उभी राहायची. गवा दिसला नाही, पण त्याचं शेण दिसलं, ताजं. वर पोचले तेव्हा मला धड बोलताही येईना. पाणी प्यायले आणि सांगितलं, की नाही जमत. मुलांना घेऊन सुखरूप जाणारा टायर कातळावरून जात नाही, आणि कातळावरून जाणारा टायर मुलांना घेऊन सुखरूप जात नाही. परवा एक तारीख. माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

गंगूबाई उठून गोठ्यात गेल्या. धोंडूमामा कुऱ्हाड खांद्यावर टाकून मला खाली सोडायला आले. सगळी वाट ते म्हशींबद्दल बोलत होते. कातळापाशी आल्यावर थांबले.

"किती कमी पडतंय म्हनालासा?"

मी दोन बोटं जुळवून दाखवली. ते वाकले. कातळाच्या माथ्यावर कुऱ्हाडीचा दांडा आडवा ठेवला, चाकोरीच्या तळापर्यंतची उंची टिचेनं मोजली, आणि मग स्वतःची दोन बोटं चाकोरीत टेकवून बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

"एवडंच?" ते म्हणाले.

"एवढंच."

"मग कातळ कशाला बगतासा? चाकोरी वर आणली तरी झालं की." मग कमरेवर हात ठेवून सरळ होत म्हणाले, "कितीदा पंचायतीत अर्ज दिला बाई, रस्ता करा म्हनून. रस्ता न्हाई, रस्ता न्हाई, एवडंच आमी सांगायचो. किती न्हाई ते कुनी सांगितलंच न्हवतं."

मला वाटलं, म्हातारा माणूस समजूत घालतोय. मी नमस्कार केला आणि गाडीत बसले.

पुढचं आधीच सांगून टाकते, उगीच कुणाचा जीव टांगणीला नको. साहेब त्या पंधरा दिवसांत तीनदा येऊन मुलं मोजून गेले. मोरसवाडी यादीत गेली नाही. मी तिथं आणखी सात वर्षं होते. दरवर्षी पावसानं चाकोरी धुऊन जायची आणि दसरा झाला की वाड्यावरची माणसं खाली उतरून ती पुन्हा भरायची, मी न सांगता. शेवटी शेवटी सरकारी जीप यायला लागली तीही त्याच दगडांवरून. पण हे सगळं नंतर.

एक तारखेला सकाळी आठ वाजता मी कातळापाशी पोचले आणि ब्रेक दाबला. दोन्ही चाकोऱ्यांत चपटे दगड बसवले होते, एकाला एक घट्ट, फटींत मुरूम ठोकलेला. दोन बोटं मागितली होती, चांगली वीतभर उंची दिली होती, आणि दोन्हीकडे गाडी चढावी-उतरावी असा उतार दिला होता. काम आदल्या दिवशी झालं होतं. सगळा वाडा म्हशी बांधून ठेवून तिथं आला होता, हे मला नंतर कळलं. गाडी वरून गेली. मी या वेळी पाढे म्हटले नाहीत. डोळे भरून आल्यावर चालवणं अवघड जातं.

वर सहाही मुलं तयार होती. दप्तरं, तेल लावलेले केस, डबे. ती आपापल्या जागी बसली. मी गाडी सुरू केली तर गंगूबाई पुढे आल्या. त्यांच्या हाताला धरून एक लहान मुलगी होती, सहाएक वर्षांची, मोठ्या बहिणीचा फ्रॉक घातलेली, तो घोट्यापर्यंत आलेला. तिला मी कधी शाळेत पाहिलं नव्हतं. पाहणार कशी, तिला घातलीच नव्हती.

"जनीची धाकटी," गंगूबाई म्हणाल्या. "हिला एवढं चालत धाडायची न्हवती म्हनून ठेवली घरात. पन आता गाडी हाय." मग अवघडून म्हणाल्या, "चौदा किलो हाय. सकाळीच तोलली. बसंल का बगा."

मी हिशोब केला. एकशे अडुसष्ट आणि चौदा, एकशे ब्याऐंशी. टायर आणि पत्र्याच्या मध्ये दोन बोटं होती.

"बसेल," मी म्हटलं.

ती जनीच्या मांडीवर बसली. मी तिला नाव विचारलं, तर तिनं तोंड फिरवलं. जनी सांगायला लागली, तिला मी म्हटलं, थांब, तिला सांगू दे. उतार लागला. खळगे आले, काही घासलं नाही, कसला वास आला नाही. कातळ आला. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, चाकं दगडांवर चढली, पोट कातळावरून अलगद पुढे गेलं, चाकं उतरली. गाडीत सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

"तुळसा," शेजारून बारीक आवाज आला.

"पूर्ण नाव?"

"तुळसा बिराप्पा येडगे," ती म्हणाली, या वेळी मोठ्यानं. आणि शाळेच्या पायरीपर्यंत पोचेस्तोवर तिनं ते आणखी चार वेळा सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी.